खारघरची गोळी, तांब्याचं पाणी आणि बाबांचा ग्लायोब्लास्टोमा

ठाण्याला चरईत राहणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले, रोज सकाळी चहाबरोबर पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. मेंदूच्या उजव्या टेम्पोरल भागातला (कानाजवळचा भाग) ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कर्करोग. ऑपरेशन झालं, आता लाइट (रेडिएशन) चालू आहेत, ३० पैकी १२ झाले, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूल. मामांनी बातमी पाठवली की खारघरला द्राक्षं आणि तांब्यापासून ब्रेन ट्यूमरवर गोळी निघाली आहे. आत्या म्हणतात, गोळी मिळेपर्यंत तांब्याच्या भांड्यातलं पाणी तरी चालू करा. मुलगा विचारतो: गोळी द्यावी का, ट्रायलमध्ये घालावं का, इतक्या वर्षांत नवीन औषध का निघत नाही? आणि शेवटी एक ओळ: "बाबांना आम्ही फक्त 'गाठ होती, काढली' एवढंच सांगितलं आहे."

आधी आत्यांचं बघू, ते सोपं आहे. खारघरच्या त्या गोळीत रेसव्हेराट्रॉल (द्राक्षांतलं एक द्रव्य) ५.६ मिलिग्रॅम आणि तांबं ५६० नॅनोग्रॅम होतं. नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. दिवसाच्या चारही गोळ्या मिळून जेवढं तांबं होतं, त्याच्या काहीशे पट आपण रोज डाळ, कडधान्यं, शेंगदाण्यांतून खातोच. तेव्हा तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने बाबांचं भलं होणार असतं, तर ते साध्या आमटीनेही झालं असतं. घरात आधीपासून तांब्याचा पिंप असेल तर पाणी प्यायला माझी हरकत नाही. फक्त त्यात ताक किंवा लिंबू सरबत ठेवू नका, ते कळकतं. टेमोझोलोमाइडने आधीच मळमळत असलेल्या माणसाला वर कळकलेलं ताक म्हणजे उलटीला आमंत्रण. आणि ऑनलाइन मिळणारं रेसव्हेराट्रॉल मागवून देऊ नका. त्या गोळीत दोन्ही घटकांचं प्रमाण ठरवून घेतलं होतं. बाजारातल्या बाटलीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता गोळीचं. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, तिथल्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं हे काम. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मरणाऱ्या पेशींतून क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि त्याला चिकटलेल्या प्रथिनांचे, तुकडे बाहेर पडतात आणि शेजारच्या जिवंत पेशींना चिथावतात. रेसव्हेराट्रॉल आणि तांबं एकत्र आलं की ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात आणि ते हे तुकडे मोडून टाकतात. अभ्यासात ग्लायोब्लास्टोमाचे २० रुग्ण होते. त्यांतल्या १० जणांना ऑपरेशनच्या आधी सरासरी ११.६ दिवस गोळ्या दिल्या, मग ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. गोळी घेतलेल्यांच्या गाठीत वाढीच्या आणि आक्रमकपणाच्या खुणा कमी दिसल्या.

बातमी एवढीच, आणि ती खरी आहे. वाचून मी खूश झाले, आणि त्याच आठवड्यात ओपीडीत तीन कुटुंबांना ही गोळी लिहून द्यायला नकार दिला. दोन्हींत विसंगती नाही. अशा अभ्यासात विचारलेला प्रश्न असतो: औषध गाठीपर्यंत पोचतं का, आणि तिथे जाऊन काही करतं का? गोळी घेतलेला माणूस जास्त जगतो का, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नव्हता. मामांच्या फॉरवर्डमध्ये मात्र उत्तर त्याच प्रश्नाचं आलं.

मी एवढी कडवट का बोलते, ते रिंडोपेपिमट नावाच्या लशीवरून कळेल. काही ग्लायोब्लास्टोमांच्या पेशींवर ईजीएफआर-व्ही-थ्री नावाचं एक बिघडलेलं प्रथिन असतं, निरोगी मेंदूत ते नसतं. लस देऊन प्रतिकारशक्तीला त्याच्यावर सोडायचं, अशी कल्पना. कागदावर याहून नेमकं लक्ष्य सापडणं कठीण. सुरुवातीच्या एका चाचणीत सगळ्यांनाच लस दिली होती, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. मध्य आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, निघालं २१.८ महिने. तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात नेहमीच्या उपचारांचा १४-१५ महिन्यांचा आकडा बसलेला, त्यामुळे परिषदांमध्ये टाळ्या. मग ७४५ रुग्णांची मोठी चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला लस, दुसऱ्याला तिच्यासारखं दिसणारं साधं इंजेक्शन. २०१७ मध्ये निकाल आला. मुख्य गटात लस घेतलेल्यांचं मध्य आयुर्मान २०.१ महिने, न घेतलेल्यांचं २०.०.

हे दोन आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. म्हणजे लस निष्फळ होती, आणि आधीचे २१.८ महिनेही खोटे नव्हते. त्या पहिल्या चाचणीत निवडले गेलेले रुग्णच मुळात बऱ्या अवस्थेतले होते: ऑपरेशन चांगलं झालेले, चालते-फिरते, लाइट संपेपर्यंत आजार न वाढलेले. असे लोक लस न देताही तेवढेच जगतात. तुलनेचा गट नसता तर ही लस आज भारतात लाखो रुपयांना विकली गेली असती. आणखी एक गोष्ट मोठ्या चाचणीत दिसली. आजार परतल्यावर पुन्हा ज्यांच्या गाठी तपासल्या, त्यांतल्या अर्ध्याहून अधिक जणांच्या गाठीतून ते प्रथिनच गायब होतं, लस न घेतलेल्यांतही. आम्ही ज्या दारावर पहारा बसवला होता, ते दार गाठीने केव्हाच सोडलं होतं.

तेव्हा "दहा रुग्णांत फरक दिसला" हे वाक्य ऐकलं की माझ्या मनात ७४५ जणांची ती चाचणी येते. खारघरच्या गोळीलाही या वाटेनेच जावं लागेल. ती टिकली तर मला आनंदच आहे, कारण इतकं स्वस्त औषध या आजारात दुसरं नसेल.

"इतक्या वर्षांत का निघत नाही?" याचं उत्तर आजाराच्या स्वभावात आहे. नाचणीच्या डब्यात मोहरी सांडली असं समजा. मूठभर मोहरीचा ढीग वर दिसतो, तो सर्जन उचलतो. पण खाली नाचणीत मिसळलेले दाणे, त्याच आकाराचे, जवळजवळ त्याच रंगाचे, डबाभर पसरलेले असतात. आणि या डब्यातली नाचणी म्हणजे बाबांची भाषा, डावा हात, तुमचं नाव. ती उपसून फेकता येत नाही. १९२८ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी या सर्जनने ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्या कुळातला, त्या गाठींच्या) काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढून पाहिला. तेवढ्यानेही आजार बरा होत नाही, एवढंच हाती आलं. आज आपण रुग्णाला फाइव्ह-एएलए नावाचं द्रव्य पाजतो आणि निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकताना बघत काढतो. २००६ मध्ये छापलेल्या जर्मन चाचणीत यामुळे एमआरआयवर गाठ पूर्ण निघाल्याचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलं. फार मोठी सुधारणा आहे ही. पण चमकतो तो ढीग आणि त्याची कड, डब्याच्या तळाचे दाणे नाही.

दुसरी अडचण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्याची. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की बहुतेक औषधं आत शिरतच नाहीत. गाठीच्या मध्यभागी हा पडदा फाटलेला असतो, म्हणून एमआरआयवर तिथे डाय चमकतो आणि औषधही पोचतं. काठावर, जिथे विखुरलेले दाणे आहेत, तिथे पडदा शाबूत. म्हणजे औषधाची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी पोचतं. केंद्रित अल्ट्रासाउंडने हा पडदा काही तासांपुरता उघडायचे प्रयोग चालू आहेत आणि त्यांच्याकडे माझं लक्ष आहे.

तिसरी अडचण प्रयोगशाळेतली, तिच्याबद्दल बाहेर फार कोणी बोलत नाही. यू-८७ नावाच्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवतात. स्वीडनमध्ये उप्सालाला १९६६ साली एका रुग्णाच्या गाठीतून त्या सुरू झाल्या. असंख्य औषधं आधी या पेशींवर तपासली गेली. २०१६ मध्ये जनुकं जुळवून पाहिल्यावर निघालं की सगळीकडे वाटली गेलेली यू-८७ त्या मूळ रुग्णाची नाहीच. कधीतरी, कुठेतरी बरणी बदलली होती. उंदरात या पेशींची गाठ गोल, सुटसुटीत वाढते, माणसातल्यासारखी पसरत नाही. अशा गाठीवर जिंकलेलं औषध माणसात हरतं, यात नवल ते काय.

स्कॅनही फसवतो. बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध दिलं की रक्तवाहिन्यांची गळती थांबते, सूज उतरते, एमआरआय आठवडाभरात सुंदर दिसायला लागतो. २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: आजार वाढायला वेळ लागला, आयुष्य वाढलं नाही. तरी मी हे औषध वापरते, स्टेरॉइड कमी करता येतं आणि माणूस थोडा हसता-बोलता राहतो म्हणून. पण नातेवाइकांनी एमआरआयचे फोटो गटात टाकून अभिनंदन सुरू केलं की मला ओशाळल्यासारखं होतं. उलटही होतं: लाइट संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसते आणि नंतर आपोआप निवते. बाबांचा पहिला एमआरआय जरा वाईट आला तर त्याच संध्याकाळी उपचार बदलायला धावू नका.

मग निघालं काय? तुम्ही रोज सकाळी बाबांना उपाशीपोटी देता ती कॅप्सूल. ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत टेमोझोलोमाइड सापडलं. ग्लायोब्लास्टोमाच्या ५७३ रुग्णांवरचा निर्णायक निकाल आला २००५ साली: नुसत्या लाइटने मध्य आयुर्मान १२.१ महिने, सोबत हे औषध दिल्यावर १४.६. अडीच महिन्यांसाठी एवढा आटापिटा, असं तुम्ही म्हणाल. पण दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं, आणि मी औषध लिहिते ते त्या आकड्याकडे बघून.

हा फायदा सगळ्यांना सारखा नसतो, आणि यावर पुढची सगळी मदार आहे. एमजीएमटी नावाचं जनुक पेशीत दुरुस्तीचं काम करतं, टेमोझोलोमाइडने केलेली तोडफोड ते पुन्हा सांधतं. काही गाठींत मेथिलेशन नावाच्या रासायनिक बदलामुळे हे जनुक बंद असतं. त्या रुग्णांत औषधासह मध्य आयुर्मान २१.७ महिने होतं, नुसत्या लाइटने १५.३. जनुक चालू असेल तर १२.७ आणि ११.८, म्हणजे फरक नसल्यातच जमा.

अलीकडची दोन यशंही याच वाटेवरची, गाठ ओळखून औषध. आयडीएच जनुकात बदल असलेल्या, हळू वाढणाऱ्या दुसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमात व्होरासिडेनिब या गोळीने आजार थोपवला: २०२३ च्या चाचणीत ११.१ महिन्यांऐवजी २७.७ महिने, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी. मुलांत-तरुणांत होणाऱ्या मेंदूच्या मध्यरेषेवरच्या एका क्रूर गाठीसाठी डॉर्डाव्हिप्रोनला २०२५ मध्ये तिथे सशर्त मंजुरी मिळाली. बाबांच्या गाठीसाठी यांतलं कुठलंच नाही. तेही सांगून टाकते, म्हणजे पुढचा फॉरवर्ड आल्यावर झोप उडणार नाही.

कार-टीचंही (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडण्याची पद्धत) विचाराल, कारण ती आपल्याच अंगणातली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. पण ती रक्ताच्या, बी पेशींच्या कर्करोगांसाठी. तिथे जवळजवळ प्रत्येक वाईट पेशीवर एकच खूण असते. ग्लायोब्लास्टोमात शेजारच्या दोन पेशींवरही एक खूण सापडेल याचा भरवसा नाही. २०२४ मध्ये बॉस्टनच्या गटाने तिघा रुग्णांच्या मेंदूतल्या पाण्यात थेट बदललेल्या पेशी सोडल्या. काही दिवसांत गाठी आकसल्या, ते फोटो खरोखर थक्क करणारे होते. तिघांपैकी दोघांत तो परिणाम टिकला नाही.

आता ट्रायलबद्दल. "बाबांना प्रयोगाचा उंदीर करणार का?" हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात कोणीतरी म्हणालं असणार. टाटाच्याच गटाने लहान मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर केलेलं एक काम सांगते. त्याचा एक प्रकार इतका चांगला बरा होतो की पूर्ण मेंदू आणि मणक्याला लाइट देण्याची गरज आहे का, असा प्रश्न पडला. त्या लाइटने मुलाची बुद्धी आणि उंची दोन्ही खुंटतात. म्हणून फक्त गाठीच्या जागेला लाइट देऊन बघायचं ठरलं. थोड्या मुलांनंतर काहींचा आजार लाइट न दिलेल्या भागात परतला, आणि चाचणी मुदतीआधी बंद केली. त्यांनी निकाल लपवला नाही, छापला. आज आम्ही कुठल्याही आईला "फक्त गाठीला लाइट देऊ, चालेल" असं सांगत नाही, ते त्या मुलांमुळे. ट्रायलमध्ये काय होतं ते असं. फायदा होईलच असं नाही, पण नजर बारीक असते आणि थांबायचं केव्हा ते आधी लिहून ठेवलेलं असतं.

भारतातली कायदेशीर चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत सापडतेच, २००९ पासून ते बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनुसार नैतिक समितीतले निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे लागतात, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. चाचणीतलं औषध तुमच्याकडून पैसे घेऊन देत असतील तर उठून बाहेर या. काही वर्षांपूर्वी एका खाजगी केंद्राने माझ्या एका रुग्णाला "स्वतःच्या रक्तापासूनची लस" विकली. नोंदणी क्रमांक विचारला तर रंगीत माहितीपत्रक हातात दिलं. कळव्याची वन रूम किचन गेली. तो रुग्ण लस घेतल्यावर जेवढा जगला, तेवढा तो लशीशिवायही जगला असता, असं मला वाटतं.

बाबांसाठी नव्याने निदान झालेल्यांच्या बहुतेक चाचण्यांचं दार आता बंद झालंय, कारण त्यांत लाइट सुरू होण्याआधीच नाव घालावं लागतं. लाइट संपल्यावरच्या टप्प्यातल्या किंवा आजार परतल्यावरच्या चाचण्या उरतात, आणि त्यासाठी तयारी आताच करायची. सगळ्यात मोलाची वस्तू फाइलमध्ये नसते. ती ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात, एखाद्या ड्रॉवरमध्ये असते. ऐरोलीचा एक मुलगा मागे माझ्याकडे ती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डबीत घेऊन आला होता: प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत पांढरट मेण, आणि मेणात नखाएवढा करडा ठिपका. त्याच्या आईच्या गाठीचा तेवढाच तुकडा या जगात उरला होता. या ब्लॉकवरून आयडीएच, एमजीएमटी आणि पुढे निघेल ती नवी तपासणी होते. स्लाइड नाही, ब्लॉक मागा. पावती घ्या, आणि उन्हाळ्यात तो स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, मेणच आहे ते. तुमच्या रिपोर्टमध्ये एमजीएमटीचा उल्लेख नसेल तर आधी ती तपासणी करून घ्या.

मग सगळे एमआरआय सीडीसकट घेऊन खारघरला एकदा दुसरं मत घ्या. ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला थांबते. लाइटचा एकही दिवस त्यासाठी बुडवू नका. तिथे २०२३ पासून प्रोटॉन किरणांनी लाइट देणारं मशीन आहे म्हणून उरलेले १८ लाइट तिकडे हलवायचे का, असं कोणी सुचवलं तर नको. प्रोटॉन मुलांसाठी आणि कवटीच्या तळाच्या काही गाठींसाठी खरं उपयोगी. ग्लायोब्लास्टोमात त्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही, आणि मध्येच केंद्र बदलण्यात जाणारे दिवस मात्र नक्की महागात पडतात. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा डोस डॉक्टरांना विचारून शक्य तेवढा खाली आणा. इम्युनोथेरपीच्या बऱ्याच चाचण्या जास्त स्टेरॉइड चालू असलेल्यांना घेत नाहीत.

राहिली शेवटची ओळ. बाबा शुद्धीत आहेत, बोलतात, सही करतात. अशा माणसाला न सांगता कुठल्याही चाचणीत घेता येत नाही. संमतिपत्र मराठीत असतं, पानंच्या पानं असतात, आणि त्यात आजाराचं नाव पहिल्याच पानावर असतं. आणि तुम्हीच लिहिलंय की ते रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. खारघरच्या गोळीची बातमी पेपरात आली होती. मामांचा मेसेज तुम्हाला येण्याआधी ती त्यांनी वाचलेली असण्याची शक्यता बरीच आहे. आज संध्याकाळी त्यांनाच विचारा.